थर्मोस्टॅट काढल्यापासून डीपीएफचा (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा वारंवार लागतो. कूलंट थंड राहिल्याचा हा परिणाम असेल का?

प्रश्न (राजारामपुरीकर):
माझ्याकडे बीएस-६ मानकाची डिझेल एसयूव्ही आहे. रोजचे जाणे-येणे राजारामपुरी ते शिरोली एमआयडीसी एवढेच असते. अधूनमधून गगनबावडामार्गे कोकणात जातो. मागच्या उन्हाळ्यात करूळ घाट चढताना टेम्परेचरचा काटा वर जाऊ लागला, तेव्हा एका फिटरने "आपल्याकडं बर्फ पडतोय व्हय?" असे म्हणत थर्मोस्टॅट वॉल्व्हच (इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला. तापणे कमी झाले. परंतु आता काटा मध्यावर येतच नाही, मायलेज घटले आहे आणि डीपीएफचा दिवा सारखा लागतो. या गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का?

उत्तर (पिस्टन):
संबंध थेट आहे. डीपीएफमधली काजळी जाळण्यासाठी फिल्टरपाशी साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. शहरातल्या चालण्यात एक्झॉस्ट तेवढा तापत नाही, म्हणून ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) जादा डिझेल फवारून ते तापमान गाठतो. मात्र कूलंट ठरावीक तापमानाला पोहोचल्याशिवाय तो ही प्रक्रिया सुरूच करत नाही. थर्मोस्टॅट नसल्यामुळे कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरते, इंजिन अर्धवट गरम राहते, काजळी अधिक तयार होते आणि ती जाळण्याची संधी मात्र मिळत नाही. ज्या गाडीत धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी युरियाचे द्रावण वापरतात तिथे आणखी एक अडचण येते, कारण एक्झॉस्ट सुमारे २०० अंशांच्या खाली असताना ते द्रावण नीट फवारता येत नाही.

उत्तर (जुना टेम्पोवाला):
आमच्या टेम्पोत वर्षानुवर्षे थर्मोस्टॅट नव्हता आणि काही बिघडले नाही. फिटरला एवढा दोष देऊ नये.

उत्तर (पिस्टन):
आपल्या टेम्पोत डीपीएफ नव्हता, त्यामुळे काजळी धुरासोबत बाहेर जात होती. सिलिंडर आणि रिंगांची झीज थंड इंजिनात तेव्हाही वाढतच होती. फक्त ती दाखवायला दिवा नव्हता. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना तो हिशेब लागू होत नाही.
एक गैरसमजही दूर केलेला बरा: घाट चढताना एक्झॉस्ट तापतो तो मुख्यतः इंजिनावरच्या भारामुळे, आणि कूलंट थंड ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. अपवाद काही पेट्रोल इंजिनांचा, ज्यांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करणारी नळी) सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो व त्याभोवती कूलंट फिरते. तिथे टर्बोकडे जाणारा वायू खरोखरच थोडा निवतो.

उत्तर (उद्यमनगर):
मूळ प्रश्न गाडी घाटात का तापली हा आहे, आणि तो तसाच राहिला. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागे गाडी चालवली, की पाचटाचे तुकडे व धूळ एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसते. समोरून जाळी स्वच्छ दिसते. टॉर्च लावून फटीत वरून पाहिले, की राखाडी गादी दिसते. ती कमी दाबाच्या पाण्याने आतून बाहेर धुवावी, कारण जोराच्या फवाऱ्याने पाती मुडपतात. त्यानंतर पंखा सुरू होतो का आणि रेडिएटरची कॅप दाब धरते का, हे तपासावे. चांगल्या कॅपखाली पाणी व ग्लायकॉलचे निम्मे-निम्मे मिश्रण १२० अंशांच्या पुढेच उकळते. कॅप सैल असेल तर त्याआधीच कूलंट बाहेर पडू लागते.
नवा थर्मोस्टॅट कंपनीने सांगितलेल्याच तापमानाचा घ्यावा. उघडण्याचा आकडा, उदाहरणार्थ ८२ किंवा ८८, त्याच्या धातूवरच कोरलेला असतो. "कमी आकड्याचा टाका, गाडी गार राहील" असा सल्ला मिळेल, तो ऐकू नये.

प्रश्नकर्ता (राजारामपुरीकर):
आभारी आहे. थर्मोस्टॅट बसवल्यावर डीपीएफ आपोआप साफ होईल का?

उत्तर (पिस्टन):
काजळी मर्यादेत असेल तर होईल. कागलच्या पुढे हायवेवर अर्धा तास एकसारख्या वेगाने गाडी चालवावी आणि प्रक्रिया सुरू असताना इंजिन बंद करू नये. निघण्यापूर्वी ऑइलची पट्टी मात्र जरूर पाहावी. प्रक्रिया वारंवार अर्धवट राहिली असेल तर फवारलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि पातळी वाढलेली दिसते; तसे असल्यास आधी ऑइल व ऑइल फिल्टर बदलावा, मगच हायवेवर निघावे.