आई-बाबांना जपानी रेस्टॉरंटात न्यायचंय, पावसाळ्यात सुशी चालेल का?

मांडवीकाठ
नमस्कार मंडळी, जुलैत बाबांची साठी आहे. टीव्हीवर बघून बघून त्यांना सुशी खायची हौस आलीये, म्हणून गोव्यात वागातोर-आसगाव बाजूला कुठेतरी टेबल बुक करायचा विचार आहे. पण सध्या मासेमारी बंद, मग हे लोक कच्चा मासा आणतात कुठून? आमचे बाबा बांगड्याचे कल्ले उघडून बघितल्याशिवाय खिशात हात घालत नाहीत. आणि आई पूर्ण शाकाहारी, तिने तिथे काय खायचं? प्लीज सांगा.

इसवण_कढी
बंदीची काळजी सोडा. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे ट्रॉलर बंद असतात, पण सुशीतला सॅल्मन आपल्या समुद्रात मिळतच नाही, तो बहुतेक नॉर्वेच्या फार्मवरून येतो. खरा मुद्दा वेगळा आहे. बर्फातली मासळी म्हणजे शिळी हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, हुमणासाठी म्हणजे आपल्या माशाच्या कढीसाठी ते बरोबरच आहे, पण कच्च्या माशाला तो हिशोब लागत नाही. समुद्रातल्या माशात अ‍ॅनिसाकिस नावाची अळी असू शकते, ती कल्ले बघून कळत नाही, शिजवलं की मरते, आणि कच्चं खायचं असेल तर मासा डीप फ्रीझ झालेलाच हवा. अमेरिकेतल्या नियमात उणे २० डिग्रीला ७ दिवस असं आहे. घरच्या फ्रीजवर तो भरवसा नाही, म्हणून बाजारातलं ताजं इसवण (सुरमई) आणून घरी सुशी करू नका, कळकळीने सांगतोय. आणि फ्रीझ केल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात, मासा मधे गरम झाला की परत वाढतात. आपल्याकडे पावसात लाईट किती जाते माहितीये ना, त्यामुळे चालतं, गिऱ्हाईक असलेलं ठिकाणच बघा. मासा कुठला, फ्रोझन आलाय का, एवढं सरळ विचारा. चांगला शेफ नीट सांगतो. ‘सर, आजच पकडलाय’ असं उत्तर आलं तर मी तिथे कच्चं खाणार नाही.

कुळागर
आईंसाठी लिहिते. जपानी जेवणात मासा दिसत नाही तिथेही असतो. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सूप, नूडल्सचं पाणी, टेम्पुरा म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या भाज्या-मासळी, त्याबरोबरचा सॉस, आगेदाशी म्हणजे तळलेला टोफू, या सगळ्याचा पाया दाशी म्हणजे जपानी पातळ सार, आणि दाशी बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या पातळ चकत्यांपासून करतात. माझ्या सासूबाईंना एका ठिकाणी व्हेज म्हणून मिसो सूप दिलं, अर्धा वाडगा संपल्यावर वेटरने येऊन खरं काय ते सांगितलं, त्यांचा चातुर्मास चालू होता, घरी येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला अजून वाईट वाटतं. म्हणून बुकिंगच्या फोनवरच विचारा, फक्त कोंबूची म्हणजे समुद्री शेवाळाची दाशी करून द्याल का, आणि भाज्यांचा टेम्पुरा सुंगटं (कोळंबी) तळलेल्या तेलातच तळता का. काकडीचा माकी म्हणजे शेवाळात गुंडाळलेला भाताचा रोल, अवोकाडो रोल, मीठ लावलेले एदामामे म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा बिनधास्त मागवा.

शेवटची_फेरी
वागातोरचं साकाना आणि आसगावचं इझुमी, ही दोन नावं बघा, पण आधी फोन करा, पावसाळ्यात तिकडे बरीच हॉटेलं बंद असतात. बाबांना पहिल्या घासाला कच्चं देऊ नका. एबी निगिरी घ्या, निगिरी म्हणजे भाताच्या छोट्या गोळ्यावर मासळीचा तुकडा, एबीतलं सुंगट उकडलेलं असतं, मग उनागी, ती ईल गोडसर सॉस लावून भाजलेली असते, ती जमली की सॅल्मन. निगिरी जपानातही हाताने खातात, त्यामुळे चॉपस्टिक्सचं टेन्शन नाही. सोया सॉसमध्ये माशाची बाजू टेकवायची, भाताची बुडवली की भात सॉस पितो आणि हातातच सुटतो. वासाबी, ती झणझणीत हिरवी चटणी, मुगाएवढी पुरे. आणि टेम्पुरा आला की बाबांना सांगा, तो तळायचा प्रकार १६व्या शतकात पोर्तुगीजांनी जपानात नेला असं मानतात, आणि जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे ते फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहूनच जपानला गेले होते. माझ्या वडिलांना हे ऐकून एवढा आनंद झाला की टेम्पुऱ्याची आणखी एक प्लेट आली.

मांडवीकाठ
खूप खूप थँक्यू सगळ्यांना! एका ठिकाणी फोन केला, आधी कळवलं तर कोंबूची दाशी करून देतो म्हणाले. बाबांना बीपी आहे, सोया सॉस चालेल ना?

इसवण_कढी
सोया सॉस प्रचंड खारट असतो. कमी मिठाचा आहे का विचारा, नसेल तर वाटीत थोडाच ओता आणि मिसो सूप बाबांना नको, त्यातही मीठ भरपूर. उनागीला सॉस आधीच लावलेला असतो, त्यावर वेगळा लागत नाही.