अनुभव धागा : वाटेवरच होते, उशिरा दिसले

परळहून दादरकडे पायी जाताना एका पदपथावरील ज्या काळ्या दगडावर पाय ठेवून मी अनेक वर्षे बुटाची नाडी बांधत आलो, तो मैलाचा दगड आहे हे मला गेल्या वर्षी कळले. रस्त्याची उंची दर डांबरीकरणात वाढत गेल्याने दगड कमरेपर्यंत गाडला गेला होता आणि वर राहिलेल्या भागावरील रोमन आकडा मी आजवर कोणाच्या तरी नावाची आद्याक्षरे समजत होतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईतील अंतरे फोर्टमधील सेंट थॉमस चर्चपासून मोजली जात आणि तसे दगड रस्त्याकडेला रोवले जात. हे चर्च 1718 साली उपासनेसाठी उघडले. किल्ल्याच्या तटातील ज्या दरवाजातून त्याकडे वाट जाई, त्याच्याच नावाने आपण आज लोकलचे तिकीट काढतो. घरी येऊन हे सांगितले तेव्हा वडील शांतपणे म्हणाले, ‘‘मग, तो मैलाचाच दगड आहे. तुला काय वाटले होते?’’

असे आपल्यापैकी प्रत्येकाच्या बाबतीत घडले असणार. वाटेवरच असून उशिरा दिसलेली अशी एक गोष्ट इथे लिहावी. कला, खाणे, निसर्ग, हस्तकला, यांपैकी कशातलेही चालेल. पण ती गोष्ट मुंबईत, लोकलच्या किंवा बसच्या तिकिटात पोहोचता येईल अशी असावी आणि ती कशी सापडली हे सविस्तर लिहावे. ‘अमुक ठिकाणी जरूर जा’ एवढेच लिहिणे टाळावे, ही विनंती.

बोरिवलीहून

आमच्या स्टेशनबाहेर पहिल्या पावसानंतर पालघरकडच्या आदिवासी बायका रानभाज्यांचे वाटे मांडून बसतात. टाकळा, कुर्डू, फोडशी मी ओळखत होते, परंतु तपकिरी-जांभळट, मिटलेल्या छत्रीसारख्या कोंबांची जुडी प्रथम पाहिली तेव्हा ती खाण्याची वस्तू आहे असे वाटलेच नाही. ती शेवळे होती. मी एक जुडी उचलली, पैसे दिले आणि निघाले, तोच मावशींनी हाक मारून परत बोलावले आणि मूठभर हिरवी, आवळ्याहून लहान फळे पिशवीत टाकली. ‘‘काकडं घेतल्याबिगर शेवळं न्यायची नाय, बाय. घसा धरेल.’’ मला तो विक्रीचा डाव वाटला, म्हणून फळांचे निराळे पैसे द्यावे लागतील का असे विचारले, त्यावर त्या माझ्याकडे नुसत्या पाहत राहिल्या. तो प्रश्न आठवला की मला अजूनही ओशाळायला होते.

शेवळे सुरणाच्या कुळातली आहेत. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात व तेच जिभेला आणि घशाला टोचतात. काकडांचा आंबटपणा तो खाजरेपणा मारतो. कोंबाचे वरचे आवरण सोडवायचे, आतील पिवळसर कणीदार भाग काढून टाकायचा, उरलेले अगदी बारीक चिरून तेलावर चांगले परतायचे आणि काकडे ठेचून त्यांचे पाणी गाळून त्यात घालायचे, अशी रीत मला शेजारच्या सीकेपी काकूंनी उभी राहून दाखवली. त्या याची कणी करतात, वाल घालून किंवा कोलंबी घालून. शिजल्यावर चव मांसाहाराच्या इतकी जवळ जाते की आमच्याकडे वाल घातलेली भाजी असूनही सासूबाईंनी दोनदा चौकशी केली. मला सर्वांत नवल वाटते ते याचे, की शेवळे आणि काकडे रानात एकाच सुमारास मिळतात. विकार आणि उतारा एकाच टोपलीतून बाजारात येतात. हा सगळा खेळ काही आठवड्यांचा असतो. जुलै सरता सरता ती बाई तिथेच बसलेली असते, पण टोपलीत कंटोळी असतात.

फोर्टहून, अगदी थोडक्यात

क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे महात्मा फुले मंडईत, मी आंब्यांसाठी तीस वर्षे जात आहे. एकदा टॅक्सी मिळेना म्हणून समोरच्या पदपथावर उभा राहिलो आणि मान वर केली, तेव्हा प्रवेशद्वारांच्या वर कोरलेली शेतकऱ्यांची, कष्टकऱ्यांची दृश्ये दिसली. मंडई 1869 ची आहे आणि हे काम जे. जे. कला विद्यालयात शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांचे. तेव्हापासून मी सीएसएमटीच्या भिंतींवरचे दगडी प्राणी मोजायला सुरुवात केली आहे. दर वेळी आकडा निराळा येतो.

गिरगावहून

मी निवृत्त गणित शिक्षिका आहे, त्यामुळे मला सापडलेली गोष्ट ही आधी एक आकडेमोड होती आणि नंतर समुद्र. चौपाटीवर जाळे निवडत बसलेल्या एका कोळी काकांना मी भरती किती वाजता आहे असे विचारले. त्यांनी घड्याळाकडे पाहिले नाही, मोबाइलकडेही नाही. ‘‘आज चवथ, म्हणजे तीनला भरेल’’ असे म्हणाले. मी कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ‘‘तिथीची पाऊणपट करायची, बाई.’’

घरी येऊन कालनिर्णय काढून बसले. चतुर्थी, चारची पाऊणपट तीन. अष्टमी, आठची पाऊणपट सहा. एकादशी, सव्वाआठ. पौर्णिमा आणि अमावस्या, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पक्ष बदलला की पुन्हा एकपासून मोजायचे. चंद्र दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो व भरतीही तेवढीच पुढे सरकते, आणि पन्नास मिनिटे म्हणजे ढोबळमानाने पाऊण तासच. दहा-वीस मिनिटांचा फरक पडतो, पण होडी लोटायला तेवढे पुरते. आम्ही लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी घोकली ती कशासाठी, असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांना हे एक उत्तर आहे. चाळीस वर्षे मी वर्गात अपूर्णांकांचा गुणाकार शिकवला आणि त्यासाठी नेहमी पेरू किंवा भाकरी कापली. शाळेपासून दहा मिनिटांवर समुद्र पाऊणकी म्हणत होता.

भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. अमावस्या-पौर्णिमेच्या पुढेमागे उधाण असते, तेव्हा पाणी जितके वर चढते तितकेच दूर ओसरते. म्हणून मी द्वितीया निवडली. भरती दीडला, तर ओहोटी सकाळी सव्वासात-साडेसातच्या सुमारास. हाजी अलीच्या बाजूच्या खडकांवर मुलासह गेले. चुन्यासारख्या चिकटलेल्या कालवांवरून चपला घासत, दर पावलाला हात धरत आम्ही एका डबक्याशी पोहोचलो. वितभर खोल पाणी होते. तळाशी हिरवट गालिचा पसरला आहे असे वाटले, पण मुलाच्या बोटाची सावली पडताच त्यातील शेकडो बटणे एकेक करून मिटली. ती वनस्पती नव्हती. तो फुलासारख्या, एकमेकांना चिकटून राहणाऱ्या प्राण्यांचा ताटवा होता. काठावरून एक लहानसा शंख तिरका तिरका धावत गेला, कारण त्यात मूळ रहिवासी नसून खेकडा होता. मागे गाड्यांचे भोंगे अखंड चालू होते.

एक सूचना : खडकांवर शेवाळ असते, एकटे जाऊ नये, दगड उलटा केल्यास पुन्हा तसाच ठेवावा आणि पाणी वळायच्या आत परतावे.

मुलुंडहून

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कारवी आठ वर्षांनी फुलते. 2016 चा बहर आमच्याकडून हुकला, कारण ‘पुढच्या रविवारी’ म्हणता म्हणता तो संपला. 2024 साली मात्र सप्टेंबरात वेळेवर गेलो. चढावर दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची झुडपे जांभळ्या फुलांनी लगडली होती आणि मधमाश्यांची घरघर इतकी होती की बोलणे थांबवावे लागले. फुलून, बी धरून कारवी मरते. पुढच्या उन्हात तिची वाळलेली बोंडे तडतडत फुटतात आणि बिया उडवतात.

मला सापडलेली गोष्ट मात्र फूल नव्हे. त्याच वर्षी दिवाळीनंतर आरेतील एका पाड्यावर ओळखीच्या घरी गेलो होतो. पडवीच्या भिंतीचा लिंपलेला पोपडा एका कोपऱ्यात निघाला होता आणि आत उभ्या बारीक काठ्यांची रांग दिसत होती. मी विचारले, तर घरातील आजी म्हणाल्या, ‘‘कारवी हाय ती.’’ कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा, वर गेरू आणि गेरूवर तांदळाच्या पिठाच्या पाण्याने, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने काढलेले चित्र. आपण चादरींवर आणि कपांवर पाहतो त्या वारली चित्राचा मूळ कागद हा असा झाडाचा होता! लग्नघरात सवाशिणी भिंतीवर चौक, म्हणजे चौकोनी चित्र, काढतात, त्यात पालघट देवी बसते. डहाणूकडचे जिव्या सोमा मशे यांनी हीच चित्रे रोजच्या रोज, लग्नाशिवाय काढायला घेतली आणि ती भिंतीवरून कागदावर व कापडावर आली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे मी वाचले होते. आजींच्या घरी नवी भिंत सिमेंटची होती आणि तिच्यावर चित्र नव्हते. रंग धरत नाही, असे त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

शीवहून

माझा अनुभव फसलेला आहे, तरी लिहितो. एका हौशी कार्यशाळेत भरभक्कम शुल्क देऊन मी मातीचा वाडगा केला. खरे तर चाकावर हात शिकवणाऱ्याचेच होते, माझे त्यांच्यावर ठेवलेले होते. घरी आणून गच्चीत कडक उन्हात वाळवला आणि संध्याकाळी तळाशी आडवी भेग. तो घेऊन धारावीच्या कुंभारवाड्यात गेलो. तिथले कुंभार मूळचे सौराष्ट्राकडचे, पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत आहेत. त्यांनी वाडगा हातात घेऊन तळ नखाने टोकरला आणि दोन वाक्यांत निकाल दिला : बूड जाड, कड पातळ, कड आधी वाळून आवळली, बूड ओले राहिले, मग ते फाटणारच. सावलीत, ओल्या फडक्याखाली वाळवायचे असते. शुल्क घेतले नाही. परतताना दहा पणत्या घेतल्या आणि त्यांचे बूड तपासण्याचा आगाऊपणाही केला.

वांद्र्याहून

शेजारच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या, घरात मे महिन्यात बॉटल मसाला कुटला जातो आणि पावसापूर्वी काळ्या-तपकिरी बाटल्यांत ठासून भरला जातो, नाव त्यावरूनच. वीस-पंचवीस जिन्नस सहज असतात. आम्ही त्याला इतकी वर्षे फक्त शिंका दिल्या. यंदा काकींनी अर्धी बाटली दिली आणि मी तो साध्या दुधीभोपळ्याच्या भाजीत घातला. आता उरलेली अर्धी मिळवण्याचे प्रयत्न चालू आहेत.

भायखळ्याहून

राणीच्या बागेत सगळे पेंग्विन पाहायला धावतात. मी कैलासपतीखाली बसतो, कारण त्याची फुले फांदीच्या टोकाला न येता थेट खोडातून फुटतात आणि प्रत्येक फुलात पिंडीवर फणा धरल्यासारखी रचना असते. बागेलगतच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीला पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ म्हटले ते याच्यामुळे. इंग्रजांनी तो उचलून नेण्याचा प्रयत्न केला तेव्हा तो फुटला व नंतर जोडला गेला. सांधे अजून ओळखू येतात, पोटाखालून पाहावे.

दादरहून, गिरगावच्या बाईंना

बाई, आज षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार केली आणि शिवाजी पार्काच्या कट्ट्यावरून उठून चौपाटीवर गेलो. पाच वाजायला दहा मिनिटे असताना पाणी पायऱ्यांना लागले. वीस मिनिटे उशीर आहे; तुमच्या वहीत नोंद करावी. बोरिवलीच्या ताईंना एक प्रश्न : दादरच्या बाजारात शेवळे मिळाली, पण विकणाऱ्याकडे काकडे नव्हती. चिंच चालेल का, की उद्या बोरिवलीला यावे?