सीझनिंग भट्टीचा धूर आणि शेजाऱ्यांची तक्रार: सल्ला हवाय

वखारवाला
नमस्कार मंडळी. परतवाड्याजवळ आमची सॉ मिल आहे. साग जास्त, थोडा ऐन. लाकूड वाळवायच्या (सीझनिंग) भट्टीला भुशावरचा बॉयलर आहे. मागे प्लॉट पडले, घरं झाली, आणि आता ‘डोळे चुरचुरतात, आंबट वास येतो’ अशी तक्रार आली आहे. भट्टीच्या झरोक्यांना फिल्टर बसवता येईल का? बजेट बेताचं आहे.

ढलपी
दादा, आधी धूर नेमका कुठून येतो ते बघा. झरोक्यांतून पांढरं निघतं ती बहुतेक वाफ. धुराड्यातून काळपट येत असेल तर घोळ बॉयलरमध्ये आहे. ताजा भुसा जवळजवळ निम्मा पाणीच असतो. तो घातला की आगीची धग कमी होते, अर्धवट जळतं, मग काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड. भुसा पत्र्याखाली वाळवा, थोडा थोडा घाला, हवा पुरेशी द्या. प्लाय आणि सनमायकाचे तुकडे अजिबात जाळू नका.

सायक्लोन (धूर गोल फिरवून राख खाली पाडणारं यंत्र) जाड राख धरतो, बारीक कण निसटतात. त्यांना बॅग फिल्टर, म्हणजे कापडी पिशव्यांची गाळणी, लागतो, पण त्याच्या आधी सायक्लोन हवाच, नाहीतर ठिणगीनं पिशव्या जळतात. तुमच्या बजेटमध्ये मी पहिले पैसे भुशाच्या शेडवर घालीन.

रसायनी
ढलपींशी सहमत, पण ती वाफ म्हणजे नुसतं पाणी नाही. पानगळीच्या झाडांचं लाकूड तापलं की त्यातल्या हेमिसेल्युलोज या घटकातून ॲसिटिक ॲसिड सुटतं. आंबट वास त्याचाच. सोबत मिथेनॉल आणि थोडं फॉर्मल्डिहाइड, जे कर्करोगकारक आहे. चीड-देवदाराइतका टर्पिनचा (राळेतल्या उग्र वासाच्या वायूंचा) त्रास सागात नसतो. कापडी फिल्टर कण धरतो, वायू नाही, त्यामुळे झरोक्यावर तो बसवून उपयोग शून्य. तापमान जितकं चढवाल तितके हे वायू वाढतात. घाईनं भट्टी तापवत असाल तर ते थांबवा. आयएस ११४१ या भारतीय मानकात सीझनिंगची पद्धत दिली आहे, ती बघा.

सुतारपक्षी
माल ओलाच भट्टीत भरता का? फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून थप्पी लावा, सावलीत ओलावा २०–२५ टक्क्यांवर येऊ द्या, मग भट्टी. जळण बरंच वाचतं. जळणच कमी तर धूरही कमी. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेनं सोलर भट्टीही बनवली आहे. तुमच्याकडचं ऊन फुकट जातंय! पावसाळ्यात मात्र ती रेंगाळते.

वखारवाला
आभार. माल ओलाच भरतो, खरं आहे. विजेवरची डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढून घेणारी) भट्टी कशी?

रसायनी
धूर नाही, पण वीजबिल बघून घ्या. आणि त्यातून जमणारं पाणी आम्लधर्मी असतं, नाल्यात सोडू नका. काहीही बदलण्याआधी प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात बॉयलर आणि इंधन काय लिहिलंय ते वाचा.

ढलपी
शेडमधला भुसा उंच रचू नका हो. ओला ढीग आतून तापतो, कधी कधी पेटतोही.