'इम्पीडन्स'ला मराठीत काय म्हणावं? प्रतिबाधा, संरोध की पायबंद?

जिवंत पेशींवर विजेच्या मदतीने लक्ष ठेवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या उपकरणांबद्दल मराठीत लिहिते आहे आणि पहिल्याच वाक्यात अडले आहे. प्लेटमधल्या प्रत्येक खळग्याच्या तळाशी सोन्याची बारीक विद्युतअग्रं (इलेक्ट्रोड) असतात, त्यांवर पेशी वाढतात आणि यंत्र दिवसचे दिवस 'इम्पीडन्स', म्हणजे विजेच्या वाटेतला एकूण अडथळा, मोजत राहतं. मी आधी 'प्रतिबाधा' लिहिलं. कच्चा लेख वाचणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, "पेशींना कसली बाधा झाली?" मग 'रोध' केलं, तर ओळखीच्या एका अभियंत्याने तेही खोडलं. 'मॉनिटरिंग'ला 'संनियंत्रण' असा शब्द मिळाला, पण तोही मनाला पटत नाही. काय लिहावं?

——

तुमच्या मैत्रिणीचा कान बरोबर आहे. 'प्रतिबाधा' हा हिंदी परिभाषेतला शब्द. हिंदीत तो रुळलेला आहे, पण मराठीत 'बाधा' म्हटलं की भूतबाधा, विषबाधा, बाधित रुग्ण हेच आधी आठवतं. त्यातून ही यंत्रं बरेचदा औषधाचा किंवा विषाचा पेशींवर होणारा परिणाम पाहायलाच वापरतात. म्हणजे लेखात 'विषबाधा' आणि 'प्रतिबाधा' शेजारी शेजारी येणार आणि वाचकाला वाटणार की दुसरी पहिलीवरचा उपाय आहे. इथे हा शब्द नकोच.

मराठीतला शब्द आहे 'संरोध'. तो का योग्य, हे समजायला तळाशी काय चालतं ते पाहावं लागेल.

विजेला अडवणाऱ्या साध्या गुणाला आपण शाळेपासून 'रोध' म्हणतो. पण ही यंत्रं विद्युतअग्रांतून जी धारा सोडतात ती दिशा बदलत राहणारी, म्हणजे प्रत्यावर्ती असते, आणि अगदी क्षीण, साधारण १ मायक्रोअँपिअरच्या घरातली. पेशीचं आवरण मेदाचं, ते विजेला सहज वाट देत नाही. मात्र आवरणाच्या दोन्ही बाजूंना खारट, विद्युतवाहक द्रव असल्यामुळे ते धारित्रासारखं, म्हणजे विजेचा भार साठवणाऱ्या कपॅसिटरसारखं वागतं. कमी वारंवारतेची धारा पेशींना वळसा घालून त्यांच्या खालच्या आणि मधल्या फटींतून वाट काढते. वारंवारता पुरेशी वाढवली की तीच धारा आवरणातून आरपार जाऊ लागते. थोडक्यात अडथळे दोन जातींचे आहेत, एक रोधाचा आणि दुसरा धारकतेचा. दोघांचा मिळून जो परिणाम होतो तो इम्पीडन्स. 'सम्' हा उपसर्ग एकत्र येण्याचा भाव देतो, म्हणून 'संरोध' या एका शब्दात ही मिळवणी बसते. 'रोध' लिहिलंत तर अर्धी गोष्ट गळते. अभियंत्याने तो खोडला हे बरं केलं.

आवरण धारित्रासारखं वागतं ही काही आजची माहिती नाही. जैवभौतिकशास्त्रज्ञ ह्यूगो फ्रिके यांनी १९२५ साली तांबड्या रक्तपेशींच्या आवरणाची धारकता मोजली, ती दर चौरस सेंटिमीटरला ०.८१ मायक्रोफॅरड आली. त्यावरून त्यांनी आवरणाची जाडी काढली ३.३ नॅनोमीटर. इतकं पातळ आवरण डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी विजेने मोजलं गेलं! मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, तुमच्या लेखात तिला जागा द्याच.

——

मग 'प्रतिरोध' का नको? तोही कानाला ओळखीचा आहे.

——

कारण त्याला दुसरं काम लागलेलं आहे. जिवाणूंचा औषधांना होणारा प्रतिरोध, कर्करोगाच्या पेशींचा प्रतिरोध, असं सर्रास लिहिलं जातं आणि या पेशी तपासतात नेमक्या याच यंत्रांवर. 'प्रतिरोध वाढला' या वाक्यात विजेचा की औषधाचा, हे वाचकाने कसं ओळखायचं? मी तरी एकाला 'औषधरोध' आणि दुसऱ्याला 'विद्युतरोध' असं जोडूनच लिहितो, म्हणजे घोटाळ्याला जागा राहत नाही.

'संनियंत्रण' मात्र सोडा. सरकारी मराठीत तो मॉनिटरिंगसाठी चालतो, पण त्यात 'नियंत्रण' दडलेलं आहे आणि हे यंत्र कशाचंच नियंत्रण करत नाही. पेशींना न दुखवता, त्यांना हात न लावता नोंद ठेवणं हीच त्याची खरी किंमत. 'पाळत' म्हटलं तर संशय डोकावतो. 'देखरेख' करणारा चूक दिसताच सुधारतो, हे यंत्र तसंही करत नाही. 'सलग नोंद' किंवा 'लक्ष ठेवणं' एवढं साधं पुरतं. तुमच्या प्रश्नातच तुम्ही 'लक्ष ठेवणाऱ्या' असं लिहिलं आहे, तेच राहू द्या.

——

मनापासून आभार. मग हे वाक्य चालेल का: "चोवीस तासांत पेशींचा संरोध वाढला, म्हणजेच पेशी वाढल्या"?

——

यात दोन अडचणी आहेत आणि दुसरी जास्त गंभीर आहे.

पहिली षष्ठीची. 'पेशींचा संरोध' म्हटलं की तो पेशींचा गुण वाटतो. मोजला जातो तो पेशींनी झाकलेल्या विद्युतअग्राचा संरोध. पेशी नसतानाही विद्युतअग्राला आणि वरच्या द्रवाला संरोध असतोच. पेशी येऊन बसल्या की त्यात भर पडते. म्हणून 'विद्युतअग्राचा संरोध पेशींमुळे वाढला' असं लिहा. वाक्य लांबतं, पण खरं होतं.

दुसरी 'वाढणे' या क्रियापदाची. मराठीत मूल वाढतं ते आकाराने आणि गर्दी वाढते ती संख्येने. 'पेशी वाढल्या' वाचताना बहुतेकांच्या मनात संख्याच येते. पण संरोध वाढण्याची कारणं अनेक आहेत. पेशी जास्त झाल्या असतील, किंवा तेवढ्याच पेशी पसरून जास्त जागा व्यापत असतील, किंवा तळाला घट्ट चिकटल्या असतील, किंवा शेजारणींशी पक्के सांधे जुळवून मधल्या फटी बुजवल्या असतील. एकही नवी पेशी न जन्मता आलेख चढू शकतो. उलटही घडतं. विभागण्यापूर्वी पेशी गोल होते, तळावरची पकड सैल करते आणि त्या जागी संरोध थोडा उतरतो. संख्या वाढण्याच्या बेतात असताना आकडा खाली!

काही यंत्रं संरोधातला बदल एका ठरावीक संख्येने भागून 'सेल इंडेक्स' दाखवतात. त्याला एकक नसतं. त्याचं मराठी कोणी 'पेशीसंख्या' केलेलं दिसलं की मला फार वाईट वाटतं, कारण त्या एका शब्दाने वाचकाच्या मनात पुढचा सगळा लेख चुकीचा उतरतो. 'पेशी निर्देशांक' म्हणा.

संरोधाने पेशी खरोखर मोजणारं यंत्रही आहे, ते वेगळं. वॉलेस कोल्टर यांना १९५३ साली त्याचं पेटंट मिळालं. त्यात पेशी एका बारीक छिद्रातून एकेक करून जातात आणि दर वेळी संरोध क्षणभर उसळतो. त्याला खुशाल 'पेशीगणक' म्हणा. तुमच्या यंत्राला नको.

——

थोडं विषयांतर करू का? ब्रिटिश विद्युतशास्त्रज्ञ ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८६ साली 'इम्पीडन्स' हा शब्द विजेच्या शास्त्रात आणला. त्याच्या मुळाशी लॅटिन क्रियापद आहे, अर्थ 'पाय अडकवणे', आणि त्यातला पायाचा शब्द आपल्या 'पद'चा सख्खा नातलग. आता आपला 'पायबंद' पाहा. घोड्याच्या पायाला बांधायची दोरी, आणि त्यावरून 'पायबंद घालणे'. दोन भाषा, एकच चित्र! मग 'पायबंद' हाच पारिभाषिक शब्द का नसावा?

——

हे जुळणं मला ठाऊक नव्हतं, फार छान. पारिभाषिक शब्द म्हणून मात्र मी घेणार नाही. पायबंद कोणीतरी घालतं, मुद्दाम घालतं. पेशी विजेला अडवायला बसलेल्या नाहीत, त्या आपल्या जगण्यासाठी तळाला बिलगलेल्या असतात आणि धारेला वाट काढावी लागते. शिवाय पायबंद घातला की जनावर थांबतं, इथे धारा थांबत नाही. पण लेखात एकदा, शब्दाची ओळख करून देताना, जरूर वापरावा. 'संरोध' पहिल्यांदा वाचणाऱ्याला त्याने लगेच चित्र दिसेल.

——

सगळं ऐकून सुरुवात अशी केली आहे:

"इव्हार जिएव्हर यांना १९७३ साली अतिवाहकांवरच्या कामासाठी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे ते जिवंत पेशींकडे वळले. १९८४ साली त्यांनी आणि चार्ल्स कीज यांनी दाखवून दिलं की सोन्याच्या विद्युतअग्रावर पेशी वाढवल्या, तर पेशींच्या हालचालींनुसार त्याचा संरोध बदलत राहतो. संरोध म्हणजे प्रत्यावर्ती धारेच्या वाटेतला एकूण अडथळा, जणू तिच्या पायातला पायबंद. पेशी पसरल्या की तो वाढतो, सुटल्या की उतरतो. पेशींना रंग न लावता, त्यांना न मारता, ही नोंद सलग घेता येते."

'लेबल-फ्री'साठी 'रंग न लावता' केलं आहे, बरोबर आहे ना?

——

जवळपास. लेबल दर वेळी रंगच असतो असं नाही, चमकणारं प्रथिनही असतं. 'रंग किंवा खूण न लावता' करा. आणि 'पायातला पायबंद' मध्ये पाय दोनदा आला, नुसतं 'जणू तिला पायबंद' पुरे. बाकी एक शब्दही बदलू नका.