विषय: आईसाठी घरात कोणता बोलका स्पीकर घ्यावा?

प्रेषक: पार्सिपनीहून एक सभासद

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला येते आहे. वय ७६. गुडघे दुखतात, एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. आम्ही दोघं सकाळी आठला बाहेर पडतो आणि मुलगी शाळेतून साडेतीनला येते. म्हणजे रोज साडेसात तास आई घरात एकटी.

फोनवर बोट फिरवून नाव शोधणं तिला जमत नाही. बोलायला मात्र ती कधी कंटाळत नाही. म्हणून स्वयंपाकघरात, तोंडी सांगितलं की काम करणारा एक स्पीकर ठेवावा असं मनात आहे. सकाळी अभंग लागावेत, औषधांची आठवण व्हावी, दिवे लावता-मालवता यावेत आणि वेळ पडली तर तिला मला ऑफिसात हाक मारता यावी, एवढंच हवंय. ती मराठी बोलते, हिंदी समजते, इंग्रजी नाही. आमच्याकडे दोघांचेही फोन आयफोन आहेत. अ‍ॅमेझॉनचा इको, गूगलचा नेस्ट आणि अ‍ॅपलचा होमपॉड यांतलं काय घ्यावं? दुकानात नुसती गाणी ऐकवतात, त्यावरून काही ठरवता येत नाही.

प्रेषक: एडिसनचे काका

ताई, नमस्कार.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो: यातल्या एकाही स्पीकरला मराठी येत नाही. गूगलच्या बोलक्या मदतनिसाला, म्हणजे गूगल असिस्टंटला, २०१८ पासून मराठी येतं, पण ते फोनवर. स्पीकरवर आपल्याकडच्या भाषांपैकी हिंदीच आहे. इकोमधून बोलणारी अ‍ॅलेक्सा २०१९ मध्ये भारतात हिंदी बोलायला लागली आणि तिथेच थांबली. होमपॉडवरच्या सिरीशीही मराठीत बोलता येत नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. एवढ्या लोकांची भाषा या डब्यांना अजून कळू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इको २०१४ च्या नोव्हेंबरात आला, गूगल होम (नेस्टचं आधीचं नाव) २०१६ च्या नोव्हेंबरात, होमपॉड २०१८ च्या फेब्रुवारीत. तिन्ही माझ्या घरात नांदून गेले आहेत. जगातलं काहीही विचारायचं असेल तर मला गूगल बरा वाटत आलाय आणि त्यात एका वेळी दोन भाषा ठेवता येतात. आमच्याकडे इंग्रजी आणि हिंदी अशी जोडी होती. तुमच्या आईला हिंदी समजते म्हणता, पण समजणं निराळं आणि घाईत बोलता येणं निराळं. घेणार असाल तर जुना नेस्ट मिनी घेऊ नका. जेमिनी हा गूगलचा नवा एआय मदतनीस असलेला ९९ डॉलरचा नवा होम स्पीकर कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केला आहे.

होमपॉड मिनीही ९९ डॉलरला, मोठा २९९ ला. तो बसवायला आयफोन किंवा आयपॅड लागतो, तो तुमच्याकडे आहेच. त्यातली इंटरकॉम ही सोय मला फार आवडते. तुम्ही ऑफिसातून फोनवर मराठीत बोला, तुमचाच आवाज स्वयंपाकघरात वाजतो. मधे भाषा ओळखणारं कुणी नाही, त्यामुळे भाषेची अडचणच येत नाही. अशीच घोषणा इको आणि गूगलवरही करता येते.

तरी तुमच्यासाठी मी पडदा असलेला इको शो सुचवेन, तो ड्रॉप इन या सोयीसाठी. तुम्ही फोनवरून बटण दाबलं की समोरचा पडदा आपोआप सुरू होतो, दोघी एकमेकींना दिसता. आईला काही म्हणावं लागत नाही, काही दाबावंही लागत नाही. ज्याला यंत्राची भाषा येत नाही त्याच्यासाठी याहून सोपं काही मी पाहिलेलं नाही. ही परवानगी फक्त घरच्या माणसांपुरती ठेवा. अ‍ॅलेक्सा प्लस ही नवी आवृत्ती अ‍ॅमेझॉनचं प्राइम सभासदत्व असेल तर फुकट आहे, नसेल तर महिना १९.९९ डॉलर. तुमच्या कामांना साधी पुरे.

आता महत्त्वाचं. ९११ हा इथला तातडीच्या मदतीचा नंबर. "अ‍ॅलेक्सा, ९११ ला फोन लाव" असं म्हणून फोन लागत नाही. वेगळी मासिक वर्गणी भरली तर मदतकेंद्रातल्या माणसाशी बोलता येतं, तेही थेट ९११ नव्हे. स्पीकर आणला म्हणजे आईच्या सुरक्षिततेची सोय झाली असं कृपा करून समजू नका. पडल्याचं ओळखणारं घड्याळ तिच्या हातात असू द्या. अ‍ॅपलच्या घड्याळात ही सोय २०१८ पासून आहे आणि सेल्युलर घेतलं तर फोन जवळ नसतानाही मदतीला कॉल जातो.

प्रेषक: साउथ ब्रन्सविक, एक सभासद

काकांनी सगळं नीट लिहिलंय. मी फक्त खासगीपणाबद्दल लिहितो.

या कंपन्यांची माणसं आपल्या बोलण्याचे काही नमुने ऐकतात हे २०१९ मध्ये उघड झालं, तेही एकाच वर्षात तिघांबद्दल. मुलांच्या आवाजाची रेकॉर्डिंग साठवून ठेवल्याच्या प्रकरणात अ‍ॅमेझॉनला २०२३ मध्ये अडीच कोटी डॉलरचा दंड झाला. सिरी न बोलावताच ऐकते या दाव्यात अ‍ॅपलने साडेनऊ कोटी डॉलरची तडजोड केली. आवाज कंपनीकडे न पाठवण्याचा जो पर्याय काही इकोंवर होता, तो २८ मार्च २०२५ पासून बंद झाला. आणि पेटंटच्या भांडणात सोनोस या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीच्या बाजूने निकाल लागल्यावर, २०२२ च्या जानेवारीत, गूगलने सगळ्या स्पीकरचा आवाज एकदम कमीजास्त करायची सोय लोकांच्या घरातल्या यंत्रांतूनच काढून घेतली. आज पेटीवर छापलेली सोय दोन वर्षांनी असेलच असं नाही. एकाच सोयीवर सगळी भिस्त ठेवू नका.

इको आणि नेस्टवर माइक बंद करायचं खरं बटण आहे. होमपॉडवर नाही, तिथे सिरीला सांगून किंवा फोनमधून बंद करावा लागतो. आईच्या खोलीत स्पीकर ठेवू नका. आणि बसवण्याआधी तिला विचारा. साडेसात तास घरात ती असणार आहे, तिच्या परवानगीवाचून तिथे कान आणि डोळा ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

प्रेषक: ग्रंथालयाच्या काकू

अगं, तुझं पत्र वाचून मला आमच्या सासूबाई आठवल्या. चार वर्षं त्या आमच्याकडे होत्या, इंग्रजी अजिबात नाही, आणि शेवटपर्यंत त्यांनी स्पीकर स्वतः वापरला. कसा, ते सविस्तर लिहिते. कोणता घ्यावा यापेक्षा तुला याचा उपयोग जास्त होईल.

सुरुवातीचे दोन आठवडे वाईट गेले. मला फोन लावायला त्या "ताई" म्हणायच्या, कारण घरात मला सगळे ताई म्हणतात. यंत्राला ते कधी कळलं नाही. इंग्रजीत आपला दंत्य त नाही, त्यांचा टी ट आणि त यांच्या मधे कुठेतरी असतो. पण माझ्या नणंदेला घरात बेबी म्हणतात आणि तिला लावलेला फोन पहिल्या दिवसापासून बिनचूक लागायचा. तिथे मला उमगलं. यंत्राला आपण मराठी शिकवू शकत नाही, पण सासूबाईंच्या मराठीतले कितीतरी शब्द त्याला आधीच येतात. लाइट, फॅन, रेडिओ, टीव्ही, डॉक्टर, टॅब्लेट, किचन, बेबी. हे शब्द त्यांना कुणी शिकवले नव्हते, साठ वर्षं त्या ते मराठी म्हणूनच बोलत होत्या.

मग मी एका रविवारी बसून अ‍ॅपमध्ये रूटीन केली. रूटीन म्हणजे आपण ठरवलेला शब्द उच्चारला की आपण ठरवलेलं काम होतं. "रेडिओ" म्हटलं की अभंगांची यादी, आवाज चार वर. "लाइट" म्हटलं की स्वयंपाकघर आणि पॅसेज दोन्हीकडचे दिवे. "डॉक्टर" म्हटलं की मला फोन, कारण डॉक्टरकडे नेणारी मीच. ही सोय तिन्ही कंपन्यांकडे आहे, नावं वेगळी. आणि शब्द मी निवडले नाहीत. दोन दिवस त्यांच्या मागे वही घेऊन फिरले आणि त्या ज्याला जे म्हणतात तेच लिहून घेतलं. त्या फ्रिजला कपाट म्हणत, त्यामुळे फ्रिज हा शब्द वहीत आला नाही.

दुसरी अडचण अशी की त्या म्हणायच्या, "अगं, जरा रेडिओ लाव गं बाई." यंत्र शेवटच्या तीन शब्दांत अडखळायचं. दोनच शब्द बोला, हाक आणि काम, असं मी सांगितलं तर त्यांना ते उद्धट वाटलं. "कुणाशीही असं तोडून बोलू नये," म्हणाल्या. त्यांचं म्हणणं मला पटलं होतं, पण इलाज नव्हता. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. आधी दोन शब्द बोलायच्या, आणि गाणं सुरू झालं की "छान हं" म्हणायच्या. रोज.

हाक मारायचं नाव अ‍ॅलेक्साच ठेव. इकोला "एको" म्हणूनही जागं करता येतं, पण आपल्या घरात "ऐक", "ऐका हो" दिवसातून किती वेळा होतं ते मोजून बघ.

अजून एक. जुना अँड्रॉइड फोन असेल तर त्यावर जेमिनी घाल आणि फोन स्टँडवर उभा कर. स्पीकरला येत नाही ते मराठी या फोनवरच्या जेमिनीला येतं, २०२४ पासून त्याच्याशी सलग गप्पाही मारता येतात. आईला लोणच्याचं प्रमाण, सायटिकाचे व्यायाम, काय हवं ते विचारू दे. फक्त एकादशी त्याला विचारून धरू नका. तिथी सूर्योदयावर ठरते, त्यामुळे भारतातली एकादशी आणि न्यू जर्सीतली कधी कधी एका दिवसाने वेगळी येते. त्यासाठी देवळातलं पंचांग बघा.

प्रेषक: मंडळाच्या संगीत वर्गातून

आवाजाबद्दल दोन ओळी. या किमतीत होमपॉड मिनी मला उजवा वाटतो, आणि दोन एकत्र जोडले तर तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर रियाज करता येईल इतका. पण तो साधा ब्लूटूथ स्पीकर म्हणून चालत नाही, इको आणि नेस्ट चालतात. उद्या पाहुण्यांच्या अँड्रॉइड फोनवरून गाणं लावायचं झालं तर अडेल.

मराठी गाण्याचं नाव तोंडी सांगून ते हमखास लागेल अशी अपेक्षा कुठल्याच स्पीकरकडून ठेवू नका. आईला आवडणारे अभंग आणि भावगीतं फोनवर शोधून एकदाच यादी करा आणि यादीला सोपं इंग्रजी नाव द्या. काकूंच्या "रेडिओ"मागेही अशीच यादी असणार.

प्रेषक: पार्सिपनीहून एक सभासद
(सहा आठवड्यांनी)

मंडळी, सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काय झालं ते कळवायला उशीर झाला.

आई आल्यावर चार दिवस काहीच घेतलं नाही. काकूंनी सांगितल्याप्रमाणे वही घेऊन तिच्या मागे फिरले. नऊ शब्द मिळाले. मग तिला विचारून इको शो स्वयंपाकघरात ठेवला, झोपायच्या खोलीत काही नाही. काम नसेल तेव्हा ती स्वतः कॅमेऱ्यावरची पट्टी सरकवते.

"रेडिओ" पहिल्या सकाळपासून चालतो. फोनसाठी माझं नाव बेबी ठेवलंय. मला लहानपणी कुणी बेबी म्हटलं नव्हतं, पण आता आई खरंच म्हणायला लागली आहे, फोनवर नसतानाही. औषधाची आठवण इंग्रजी आवाजातच होते, म्हणून आईनेच त्यात दोन शब्द ठेवायला सांगितले, "पिंक टॅब्लेट". रोमन लिपीत "गुलाबी गोळी" लिहून पाहिलं होतं, ते तिला ओळखू आलं नाही.

ड्रॉप इन मात्र आम्ही बंद केलं. तिसऱ्या दिवशी मी दुपारी अचानक पडद्यावर आले तेव्हा ती पदर सोडून वाऱ्याला बसली होती. "दार वाजवून ये," म्हणाली. आता मी साडेबाराला रीतसर फोन करते, तो ती "आन्सर" म्हणून उचलते. साउथ ब्रन्सविकच्या दादांचं पत्र तेव्हा नीट कळलं. घड्याळही घेतलं, ते ती आंघोळीलाही काढत नाही.

नऊ शब्दांचा कागद मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावलाय. कुणाला हवा असेल तर पाठवते. एकच शब्द अडलाय. दिवसभर आई "लाइट" म्हणते, पण तिन्हीसांजेला ती "लाइट" म्हणायला तयार नाही. त्या वेळी दिवाच लावायचा असतो, म्हणते. देवाजवळचा ती हातानेच लावते, पण पॅसेजमधला उंच आहे.

प्रेषक: ग्रंथालयाच्या काकू

रूटीनमध्ये "दिवा" असंच टाक, रोमन लिपीत. मोठ्या गायिकेला इंग्रजीत डीवा म्हणतात, त्याच अक्षरांनी लिहितात, म्हणजे तो शब्द यंत्राला माहीत आहे. आईला दि जरा लांबवायला सांग. आज संध्याकाळीच करून बघ आणि कळव.

प्रेषक: पार्सिपनीहून एक सभासद

काकू, लागला. सात वाजून पाच मिनिटांनी, पहिल्याच हाकेला. आई "छान हं" म्हणाली. तुमच्या सासूबाईंचं मी तिला सांगितलं नव्हतं.