पाहुण्यांसाठी फळांचं ताट: कसं लावता, अनुभव सांगा

पाहुणे येणार म्हटलं की बाकी सगळ्याची तयारी आदल्या दिवशीपासून, आणि फळं मात्र बेल वाजायच्या आधी घाईघाईत चिरली जातात, असं बऱ्याच घरांत बघितलंय. आंबा, अननस, पपई, केळी, ड्रॅगन फ्रूट असं ताजं ताट तुम्ही कसं लावता? आधी काय करता, मुद्दाम काय टाळता, सगळं लिहा.

सुरुवात मी करते. माझं ताट खरेदीच्या वेळीच ठरतं. आंबा, पपई, केळी, चिकू झाडावरून काढल्यावरही पिकतात म्हणून ही दोन-तीन दिवस आधी जरा कडक आणते आणि बाहेरच ठेवते, कच्चा आंबा फ्रिजमध्ये गेला की नीट पिकत नाही. अननस आणि लिची तोडल्यावर गोड होत नाहीत, ती तयारच घ्यायची. अननस बुडाशी हुंगून बघा, गोड वास आला तरच घ्या.

*

अननसावर माझा फार जीव आहे त्यामुळे थोडं लांबेल. अननस बुडाशी जास्त गोड असतो आणि शेंड्याकडे आंबट होत जातो, म्हणून गोल चकत्या केल्या की एका पाहुण्याला गोड चकती मिळते आणि दुसरा आंबट खाऊन गप्प बसतो. मी उभे चार भाग करतो, मधला कडक दांडा काढतो आणि लांब फोडी करतो म्हणजे प्रत्येक फोडीत दोन्ही चवी येतात. डोळे काढायला साल जाड सोलू नका, निम्मा गर जातो. डोळे तिरक्या रांगेत असतात, त्या रांगेने सुरीने चर पाडत जायचं, दिसतंही सुंदर.

*

केळं सगळ्यात शेवटी. चिरलं की लगेच लिंबाचा रस, आंबटपणामुळे काळं पडायचं लांबतं. बस.

*

अननसाबरोबर दह्याचं किंवा क्रीमचं डिप ठेवणार असाल तर वेगळ्या वाटीतच द्या. ताज्या अननसात ब्रोमेलेन असतं, पपईत पपेन, किवीतही तसलंच एंझाइम, ही दुधातली प्रथिनं तोडतात आणि थोड्या वेळात डिप कडू लागायला लागतं. डब्यातला अननस गरम केलेला असतो म्हणून त्याने असं होत नाही, पण ताज्याची मजा त्यात कुठे!

*

एक गंभीर गोष्ट लिहिते, प्लीज सगळ्यांनी वाचा. कमरख म्हणजे स्टारफ्रूट, चांदणीच्या आकाराच्या फोडी होतात म्हणून ताटात सगळ्यांना हवं असतं. आमच्या घरी किडनीचा पेशंट आहे आणि डॉक्टरांनी हे फळ पूर्ण बंद सांगितलंय. त्यातलं ऑक्झलेट आणि कॅरॅम्बॉक्सिन नावाचं द्रव्य आजारी किडनीला बाहेर टाकता येत नाही, थोडंसं खाल्लं तरी न थांबणारी उचकी, भ्रम, अगदी फिट येण्यापर्यंत जाऊ शकतं. पाहुणा आपणहून आजार सांगतोच असं नाही, म्हणून मी हे फळ ताटात ठेवतच नाही, आणि मला ते बरोबर वाटतं.

*

ताई, बरं झालं लिहिलंत. यात भर म्हणून, ज्यांना रबरी हातमोज्यांची म्हणजे लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असते त्यातल्या काहींना केळं, अ‍ॅव्होकाडो, किवी, पपईचाही त्रास होतो. आमंत्रण देतानाच विचारून घ्यावं, त्यात संकोच कसला.

*

मी वेळेबद्दल फार कडक आहे. फळं चिरायच्या आधीच धुवायची, सालीवरची घाण सुरीबरोबर गरात जाते म्हणून ज्याची साल खात नाही तेही धुवायचं, आणि चिकन-मासे कापलेला बोर्ड तर अजिबात नाही. चिरलेली फळं बाहेर दोन तासांच्या वर ठेवत नाही, खूप उकाडा असेल तर एकच तास. एकदम मोठं ताट मांडण्यापेक्षा छोटं मांडते आणि फ्रिजमधून भरत राहते, पाहुण्यांना प्रत्येक वेळी गार फोड मिळते. मीठ-मसाला वरून भुरभुरवत नाही, मिठाने पाणी सुटतं आणि पपई पार लिबलिबीत होते, बाजूला वाटीत ठेवते, ज्याला हवं तो घेईल.

*

लाल गराचं ड्रॅगन फ्रूट ताटाच्या कडेला आणि वेगळ्या सुरीने बरं का, नाहीतर केळी, लिची सगळी गुलाबी होतात. आणि पॅशन फ्रूट सुरकुतलेलं बघून टाकून देऊ नका, तेच जास्त गोड असतं, अर्धं कापून चमचा लावून ठेवा, मुलं आधी तेच उचलतात. फणसाचे गरे कोणी ताटात ठेवतं का? चीक लागू नये म्हणून मी हाताला आणि सुरीला तेल लावते, पण त्याचा वास बाकी फळांना लागतो, त्यावर काही उपाय असेल तर सांगा.