पावसाळ्यात हत्यारांची पेटी घट्ट बंद ठेवावी की उघडी? (रंधे, पटाश्या, करवती)

चिरेबंदी

ठिकाण रत्नागिरी तालुका, खाडी जवळच. खोलीच्या भिंती चिऱ्याच्या, जमीन कोब्याची. दोन रंधे, सहा पटाश्या, तीन करवती, गुण्या (काटकोन तपासायचा) आणि चार कानशी सागवानी पेटीत असतात. पेटी साधारण ५० लिटरची, तळाला गोणपाट. जूनच्या सुरुवातीला सगळ्याला खोबरेल लावलं होतं, तरी जुलैत पात्यांवर तांबूस ठिपके आलेत आणि गोणपाट टेकलं होतं तिथे काळे डाग पडलेत. सकाळी खोलीत तापमान २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के दिसते.

सिलिका जेल किती टाकावं? पेटी बंद करू की हवा खेळती ठेवू? आणि तेल कोणतं?

गुण्या-खतावणी

आधी गोणपाट काढा. ज्यूट ओल धरून ठेवतं आणि पात्याला चिकटवून ठेवतं. पुठ्ठा, स्पंज आणि चामड्याची म्यानंही तेच करतात.

आता हवेचं गणित. साध्या पोलादाला आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की गंज धरायला लागतो आणि मिठाचा अंश असेल तर त्याच्याही खाली. २८ अंश आणि ९० टक्के म्हणजे दवबिंदू साधारण २६ अंश. रंध्याचं बीड (ओतीव लोखंड) किंवा शिकंजा रात्रभरात हवेपेक्षा दोन अंशच थंड राहिला तरी त्याला घाम सुटतो. म्हणून पाऊस थांबून ऊन पडलं की लगेच खिडक्या उघडू नयेत. बाहेरची उबदार, दमट हवा थेट थंड लोखंडावर येऊन बसते. जड लोखंड खोलीइतकं गरम झाल्यावरच उघडा.

तेव्हा पेटी बंदच हवी, पण आतलं सगळं सुकवून मगच. इथेच बहुतेकांचं चुकतं. ५० लिटर हवेत पाणी जेमतेम सव्वा ग्रॅम असतं. खरी ओल असते लाकडी मुठींमध्ये आणि पेटीच्या फळ्यांमध्ये. एक किलो लाकूड १६ टक्के ओलाव्यावरून १० वर आलं तर ५० ग्रॅमहून जास्त पाणी सोडतं. सिलिका जेल आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकं पाणी कामाचं धरतं, म्हणजे पाव किलो जेल पहिल्याच आठवड्यात संपलं. अर्धा किलो घ्या, आठवड्याने बदला, मग महिन्याने बघत राहा. पेटी आणि मुठी मे महिन्यातच उन्हात सुकवून घेतल्या तर हे ओझं निम्म्यावर येतं. झाकणाला रबरी पट्टी लावा, नाहीतर जेल अख्ख्या खोलीची हवा सुकवत बसेल.

नारिंगी जेल घ्या, ओल भरली की ते हिरवं होतं. ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा वापरता येतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये तापवू नये. कपाटात ठेवायचे ते पाणी साठणारे पांढऱ्या खड्यांचे डबे पेटीत अजिबात नकोत. ते कॅल्शियम क्लोराइड असतं. त्याचं पाणी सांडलं की जेलशिवाय जितकं गंजलं असतं त्याहून जास्त गंजेल.

मेण-टर्पेंटाइन

खोबरेल नको. पातळ थरात ते हवेने खवट होतं आणि त्यातली आम्लं लोखंडालाच लागतात. जळकं इंजिन ऑइलही नको, त्यात ज्वलनातून आलेली आम्लं असतात आणि ते हाताच्या त्वचेलाही वाईट. शिलाई मशीनचं तेल चालेल. मात्र तेलाआधीची पायरी महत्त्वाची. खाडीजवळच्या हवेत पात्यावर मीठ बसतं, आणि घामाच्या बोटांचं मीठ वेगळं. त्यावर तेल लावलं तर गंज तेलाखाली चालूच राहतो. गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, कोरडं करा, टर्पेंटाइनने एकदा पुसा, मग तेल. त्यानंतर पात्याला बोट लावायचं नाही. दर तीन आठवड्यांनी पुन्हा.

करवती, गुण्या आणि रंध्याचा तळ यांना मेण जास्त बरं, कारण तेलाचे डाग लाकडावर उतरतात आणि पॉलिश धरत नाही. ५० ग्रॅम मधमाश्यांचं मेण गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवा, शेगडी बंद करून दूर न्या आणि मग २०० मिलि टर्पेंटाइन ढवळा. ज्योतीजवळ टर्पेंटाइनची वाफ पेट घेते. पातळ चोळा, दहा मिनिटांनी फडक्याने उजळा.

कानशीला तेल लावू नका, ती कामाला घसरते. दातांत भरलेली खडू-भुकटी ब्रशने काढा (खडू ओल ओढतो) आणि व्हीसीआय कागदात गुंडाळा. त्यातून गंजरोधक वाफ सुटते, पण ती बंद जागेतच टिकते.

चिरेबंदी

पेटीत बल्ब लावला तर? आणि आलेले ठिपके कसे काढू?

गुण्या-खतावणी

चालतो, पण तारेचा पिवळा बल्ब हवा, एलईडीची ऊब पुरत नाही. तुमच्या पेटीला २५ वॅट, चार फुटी कपाटाला ४०. वॅटपेक्षा फरक मोजा: २८ अंशांची ९० टक्क्यांची हवा ३३ पर्यंत तापली की आर्द्रता ६८ वर येते, ३५ ला ६० वर. चिनी मातीचं होल्डर, भोवती जाळी, लाकूड आणि कापड एक वीत लांब. बल्ब असेल तर जेल नको, उलट खाली-वर एकेक भोक ठेवा म्हणजे ओल बाहेर जाईल. वीज गेली की पेटी थंड होते, म्हणून तेला-मेणाचा थर राहू द्याच.

मेण-टर्पेंटाइन

ठिपके वरवरचे असतील तर बारीक स्टील वूल आणि थोडं तेल पुरे. खोल असतील तर एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त. मूठ आणि पितळी भाग आधी काढा. पातं बुडवून दर पंधरा मिनिटांनी ब्रशने घासून बघा, तासाभरात सुटतं. रात्रभर ठेवलं तर चांगलं लोखंडही खाल्लं जातं आणि खड्डे पडतात. मग एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून धुवा, कढत पाण्यातून काढा आणि गरम असतानाच पुसून तेल लावा. इथे पाच मिनिटं उशीर झाला तरी नवा पिवळा गंज दिसायला लागतो.